पाणी माझं, वाळू तुझी

जुहूच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक जीवरक्षक म्हणून नाव नोंदवलं तेव्हा माझ्या डोक्यात फक्त पाणी होतं. मी लहानपणापासून पोहणारी. दम आहे, हातपाय चालतात, सुट्टीच्या दिवशी कोणाच्या उपयोगी पडलो तर बरंच, एवढाच हिशेब. प्रत्यक्षात पाण्यात झेप घ्यायची वेळ क्वचित येते. रोज येतात ती वाळूवरची प्रकरणं. चेंडू लागला म्हणून झालेली हमरीतुमरी, दारू पिऊन घातलेला धिंगाणा, बायकांचे चोरून काढलेले व्हिडिओ, पाण्यात उतरू नका सांगणारा लाल बावटा असताना आत शिरणारी आणि हटकलं की अंगावर येणारी टोळकी. यंदा आमच्या गटात नवी मुलंमुली येताहेत. त्यांना हे सगळं एकदम अंगावर येऊ नये, म्हणून जे शिकत गेले ते सविस्तर लिहितेय.

आधी आमची जागा काय ते सांगते. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराई या चौपाट्यांवर महापालिकेने नेमलेले जीवरक्षक असतात, आणि ते काम अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली चालतं. आम्ही त्यांच्या जोडीला रविवारी, सणासुदीला, विसर्जनाला उभे राहतो. अंगात पिवळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, खांद्याला रेस्क्यू ट्यूब, म्हणजे बुडणाऱ्याला धरून तरंगता येईल अशी लांबट नळी. कोणाला पकडायचा, दंड करायचा, हाकलून द्यायचा अधिकार आम्हाला नाही. लोकांना मात्र टी-शर्ट दिसला की वाटतं हे सरकारी माणूस. काही जण त्यामुळे ऐकतात, आणि काही जण नेमके त्यामुळेच बिथरतात.

प्रशिक्षण तरणतलावात सुरू झालं. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक काका आम्हाला शिकवायचे. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्यात पडतो, डोक्यावर चढतो, दोघंही खाली जातात; म्हणून त्याच्या जवळ जाताना मध्ये ट्यूब धरायची, ती आधी त्याच्या हातात द्यायची, आणि स्वतः हातभर लांब राहायचं. हे अंगवळणी पडेपर्यंत काकांनी करून घेतलं. मग आम्हाला वाळूवर नेलं आणि दोन मुलांना दारुड्याचं सोंग घ्यायला लावून त्यांच्याशी बोलायला सांगितलं. बोलणं रंगात आलं की काका मागून येऊन विचारायचे, "आत्ता पाण्यात किती डोकी आहेत?" ज्याला आकडा सांगता यायचा नाही, त्याला ते पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचे. त्या वेळी राग यायचा. आता वाटतं, सगळ्या प्रशिक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा धडा तोच.

कारण बुडणारा माणूस ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्याबाहेर येतं तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो, हाका मारायला सवड नसते. हात वर करून हलवतो तो बहुतेक वेळा अजून भानावर असतो. खरा बुडणारा उभ्याचा उभा, मान मागे टाकून, पाण्याला हाताने दाबत राहतो, आणि हे वीस सेकंद ते फार तर मिनिटभर चालतं. लहान मूल त्याहून लवकर जातं. वाळूवर राडा सुरू झाला की आवाज तिथे असतो आणि सगळ्यांचे डोळेही तिथे जातात. आईबापांचेही जातात. म्हणजे राड्याची ती पाच-दहा मिनिटं पाण्यातल्या पोरांसाठी अख्ख्या दिवसातली सगळ्यात धोक्याची. जीवरक्षकाने भांडण कसं हाताळावं, या प्रश्नाचं उत्तर मला इथूनच सुरू होतं असं वाटतं. भांडण मिटवणं आमच्याकडे दुसऱ्या नंबरवर येतं.

म्हणून आम्ही जोडीनेच उभे राहतो आणि कामाची वाटणी तोंडाने, मोठ्याने करतो. काही घडलं की जिच्या नजरेत पाणी आहे ती ओरडते, "पाणी माझं!" आणि दुसरी म्हणते, "वाळू माझी!" एकदा असं म्हटलं की पाणीवालीने मागे वळून बघायचं नाही, मग मागे काही का होईना. एखादी एकटीच असेल तर तिने वाळूकडे जायचंच नाही. फोन करायचा, शिट्टीने दुसऱ्या जोडीला बोलवायचं आणि जागा सोडायची नाही. आमच्याकडे एक छोटी शिट्टी पोहणाऱ्यासाठी, दोन सोबतच्या स्वयंसेवकासाठी आणि तीन म्हणजे कोणीतरी पाण्यात उतरलंय. भांडणासाठी शिट्टी वाजवायची नाही, असा नियम काकांनी घालून दिलाय. शिट्टी म्हणजे पाण्यातला धोका, हे लोकांच्या मनात पक्कं राहिलं पाहिजे. वाळूवर दर पाच मिनिटांनी वाजायला लागली तर पाण्यातल्या माणसाला ती ऐकूच येईनाशी होते.

संध्याकाळी कुठे ठिणगी पडणार हे पुष्कळदा दुपारी तीनलाच दिसतं. सात-आठ मुलांचा घोळका येतो, पिशव्यांमधून बाटल्यांचा आवाज येतो, गाणी मोठ्याने लावलेली असतात. त्यांनी चादर अंथरली की आमच्यातलं एक जण जाऊन बोलतं. तेव्हा कोणी प्यायलेलं नसतं, कोणी चिडलेलं नसतं. स्वतःचं नाव सांगायचं, भरती किती वाजता पूर्ण होणार ते सांगायचं, समोर कुठे खड्डा पडलाय ते बोटाने दाखवायचं. मग एक प्रश्न विचारायचा: "तुमच्यात आज न पिणारा कोण?" हा प्रश्न मला काकांनी दिला आणि मी तो इतका वापरलाय की आता आपोआप तोंडात येतो. असा एक तरी असतो, बहुतेकदा गाडी चालवणारा. त्याला सांगायचं, "यांच्यावर तुझं लक्ष राहू दे दादा, काही वाटलं तर मी त्या टॉवरपाशी आहे." संध्याकाळी तोच घोळका आवाज चढवायला लागला की मी फक्त त्या एकाशी बोलते. उरलेले माझ्याशी भांडतील, पण त्याच्याशी नाही भांडत. सार्वजनिक जागी दारू पिऊन दंगा करणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि पोलीस त्यावर कारवाई करू शकतात, हे खरंच. पण पोलिसांची गाडी येईपर्यंत तो मुलगा पाण्यात शिरला तर कायद्याचा त्याला काय उपयोग?

भरतीच्या वेळेचा भांडणांशी थेट संबंध आहे, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. ओहोटीला जुहूची वाळू ऐसपैस असते. क्रिकेटवाले, घोडेवाले, पोरंबाळं, पतंग उडवणारे सगळे सामावतात. भरती चढली की तीच माणसं निम्म्या जागेत येतात. मग चेंडू कोणाच्या तरी भेळेत पडतो. तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोळ्यांचा हिशेब काकांनी शिकवला. चतुर्थीला तीनच्या आसपास, षष्ठीला साडेचार. रविवारी पंचमी-षष्ठी-सप्तमी आली की आम्ही समजून असतो की आज गर्दी आणि भरती एकाच वेळी. त्या दिवशी जास्तीची एक जोडी बोलावतो आणि क्रिकेटवाल्यांना चारच्या आधीच सांगतो, "आता अर्ध्या तासात इथे पाणी येईल, स्टंप गुंडाळा." पाणी त्यांना हटवणारच असतं, त्यामुळे ते वाद घालत नाहीत.

आता मे महिन्यातल्या अशाच एका रविवारचं सांगते. भरती जवळजवळ पूर्ण होती. माझी जोडीदार पाण्याकडे तोंड करून उभी होती, मी टॉवरच्या पायथ्याशी. डावीकडे एकदम आवाज झाला. एका बाईचा दीर एकोणीस-वीस वर्षांच्या पोराची कॉलर धरून उभा होता. ती बाई ओलीचिंब, पंजाबी ड्रेस अंगाला चिकटलेला, ओरडत होती की याने माझा व्हिडिओ काढला. बघता बघता शंभरेक माणसं जमली. मी म्हटलं, "वाळू माझी." मागून जोडीदाराचा आवाज आला, "पाणी माझं."

गर्दी रस्त्याच्या बाजूने आत सरकत होती आणि पोरगा एक एक पाऊल मागे जात होता. मागे समुद्र. ही गोष्ट शहरातल्या कुठल्याही नाक्यावरच्या भांडणात नसते. नाक्यावर मार चुकवायला माणूस गल्लीत पळतो, इथे तो पाण्यात पळतो. घाबरलेला, कपड्यांनिशी, कधी प्यायलेला, बहुतेकदा पोहता न येणारा. आणि मागे लागलेले दोघे-तिघेही तसेच. म्हणून आमचा नियम आहे की ज्याच्यावर गर्दी चालून आलीय त्याची समुद्राकडची बाजू आपण धरायची आणि रस्त्याकडची वाट मोकळी करायची. आरोपी पळून जाईल की, असं लोक चिडून म्हणतात. पळाला तर पळाला. चेहरा शंभर जणांनी पाहिलाय, त्याला शोधायला पोलीस आहेत. बुडाला तर त्याला कोणीही परत आणू शकत नाही, आणि त्या बाईची तक्रारही त्याच्याबरोबर बुडते.

मी वळसा घालून पोराच्या आणि पाण्याच्या मध्ये उभी राहिले. ट्यूब समोर आडवी धरलेली. गर्दीशी एकदम बोलून उपयोग नसतो, एकेकाला निवडून काम द्यावं लागतं. एका चष्मेवाल्या काकांना म्हटलं, "काका, इथून रस्त्यापर्यंत वाट करून द्या, पोलिसांना यायचंय." एका मुलाला म्हटलं, "दादा, तू गल्लीच्या तोंडाशी उभा राहा आणि गाडी आली की इकडे आण." एका मावशींना पाणी आणायला पाठवलं. ज्याच्या हातात काम असतं तो हात उगारत नाही. मग दिराकडे वळले. त्याचा हात थरथरत होता. "दादा, कॉलर सोडा. पोलिसांना फोन झालाय. तुम्ही याला मारलंत तर उद्या चौकीत तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल, आणि वहिनींची बाजू कमी पडेल." त्याने लगेच नाही सोडली. दुसऱ्यांदा तेच वाक्य, त्याच आवाजात. तेव्हा सोडली. आवाज चढवायचा नाही हे सांगायला सोपं आहे. शंभर माणसं कानाशी ओरडत असताना ते जमायला सराव लागतो, आणि तो सराव काकांनी करून घेतला होता.

गर्दीतून "डिलीट कर, डिलीट कर" सुरू झालं. हे थांबवणं फार महत्त्वाचं आहे. भारतीय न्याय संहितेत बाईच्या लज्जेला धक्का लावणाऱ्या शब्द-हावभावांसाठी 79 आणि चोरून चित्रण करण्यासाठी 77 अशी वेगवेगळी कलमं आहेत. कुठलं लागेल, लागेल की नाही, हे पोलीस ठरवतील. पण व्हिडिओच पुसला तर पुरावा गेला. शिवाय आम्ही कोणाचा फोन हिसकावून घेऊ शकत नाही, उघडून बघूही शकत नाही. मी पोराला म्हटलं, "फोन खिशात ठेव, दोन्ही हात गुडघ्यावर ठेव आणि इथे खाली बस. तू बसलास तर तुला कोणी हात लावणार नाही." तो बसला. बसलेल्या माणसाला मारायला लोक कचरतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

हे सगळं चालू असताना पाठीमागून मेगाफोनवर आवाज आला, "निळ्या टी-शर्टमधल्या मुलाची आई कुठे आहे?" मी वळले नाही. नंतर कळलं की कडं करून उभ्या असलेल्या गर्दीत त्याची आईही होती, हातात भेळेचा द्रोण घेऊन. मूल पाच-सहा वर्षांचं, लाटेत छातीपर्यंत बुडालेलं, आणि परतणाऱ्या लाटेने पायाखालची वाळू सरकायला लागलेली. जोडीदार गुडघाभर पाण्यात गेली, त्याला दंडाला धरून बाहेर आणलं आणि आईच्या हाती दिलं. झेप नाही, पोहणं नाही, कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण त्या संध्याकाळचं खरं काम माझ्या मते ते होतं.

त्या बाईला मी तिच्या जावेबरोबर टॉवरमागे आडोशाला नेलं आणि आधी टॉवेल दिला. माझ्या पिशवीत आता कायम दोन टॉवेल असतात. व्हिडिओ काढणारा एकच होता, पण ती ओल्या कपड्यात उभी राहिल्यापासून शंभर माणसं तिच्याकडे बघत होती. टॉवेल खांद्यावर घेतल्यावर तिचा श्वास जरा खाली बसला. ती म्हणाली, "ताई, माझ्या नवऱ्याला कळलं तर मला परत कुठे पाठवणार नाही." मी तिला तक्रार कर असंही म्हटलं नाही आणि नको करू असंही नाही. एवढंच म्हटलं, "काय करायचं ते तुम्ही ठरवा. बाई पोलीस येतील, त्यांच्याशी बोला, तोवर मी इथेच आहे." तिच्या वतीने दिराने, गर्दीने किंवा मी काही ठरवणं मला पटत नाही.

फोन 112 वर केला होता. फोनवर काय सांगायचं याचाही सराव लागतो, कारण वाळूला पत्ता नसतो. जवळची गल्ली आणि आत यायची वाट, किती माणसं जमलीत, हत्यार किंवा फुटकी बाटली आहे का, कोणाला लागलंय का, आणि तक्रार बाईची असेल तर महिला पोलीस पाठवा, हे या क्रमाने. आधी मोटारसायकलवरून गस्त घालणारे पोलीस, बीट मार्शल, आले, मागून महिला पोलीस. मुंबईत 103 हा महिला, मुलं आणि ज्येष्ठांसाठीचा वेगळा नंबरही आहे. एखादीला त्या क्षणी बोलायचं नसेल तर आम्ही तो कागदावर लिहून देतो.

पोलीस आले की आम्ही बाजूला होतो. पूर्ण बाजूला. काही स्वयंसेवकांना तिथे थांबून मत द्यायचा मोह होतो, "साहेब, याला सोडू नका." ते आमचं काम नाही. आमचं काम परत पाण्याकडे तोंड करायचं.

अधूनमधून कोणीतरी विचारतं, नागरिकाला अटक करता येते ना? येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 40व्या कलमानुसार डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा घडला तर खासगी माणूसही पकडू शकतो, आणि विनाकारण उशीर न करता, सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. आमच्या गटाने ठरवलंय की जीवरक्षकाचा टी-शर्ट अंगात असताना हे करायचं नाही. गुन्हा दखलपात्र आहे की नाही हे वाळूवर उभं राहून आम्हाला कळत नाही. पकडून ठेवायला दोन माणसं लागतात आणि तेवढ्या वेळ पाणी उघडं पडतं. आणि झटापटीत त्याला काही झालं, तर पुढच्या वेळी बुडतानासुद्धा लोक आमचा हात धरायला बिचकतील. ही शेवटची भीती मला सगळ्यात मोठी वाटते.

प्यायलेल्या माणसाच्या बाबतीत एक गोष्ट नव्या मुलांना ठसवून सांगते. दंगा करणाऱ्यापेक्षा झोपलेल्याची जास्त काळजी करा. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर गार वाटतं म्हणून आडवा होतो आणि भरती त्याच्यापर्यंत येते. त्याला उठवून भरतीच्या खुणेच्या वर आणायचं, उताणा न ठेवता कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी झाली तर घशात अडकत नाही. हाकेला ओ देत नसेल तर 108. उठवताना पायाकडून हाक मारायची, तोंडावर वाकायचं नाही. दचकून उठलेला माणूस आधी हात फिरवतो. जागा असलेल्याशी बोलतानाही समोरासमोर छाती काढून उभं राहायचं नाही. जरा तिरकं, हात उघडे, दीड हात अंतर, मध्ये ट्यूब, आणि काळा चष्मा काढलेला. बोलणारा एकच. "इथून जा" म्हटलं की त्याच्या मित्रांसमोर त्याची इज्जत जाते. "सामान आवरायला दहा मिनिटं घे" म्हटलं की त्याला स्वतःच्या पायाने जाता येतं. बाटली फुटली किंवा कोणी हत्यार काढलं तर समजूत घालणं बंद. आजूबाजूची पोरं लांब न्यायची, फोन करायचा, स्वतः मागे व्हायचं.

लाल बावट्याचे वाद पावसाळ्यात येतात आणि ते मला सगळ्यात जिव्हारी लागतात. 2022च्या जुलैत महापालिकेने ऑरेंज आणि रेड अलर्टच्या दिवशी चौपाट्या फक्त सकाळी 6 ते 10 उघड्या ठेवायचं ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी, जून 2023मध्ये, बिपरजॉय चक्रीवादळाने समुद्र खवळलेला असताना जुहू कोळीवाड्याच्या बाजूला चार मुलं बुडून गेली. तेव्हापासून कोणी "आम्ही पैसे खर्च करून इतक्या लांबून आलोय" म्हणून हुज्जत घालायला लागलं की माझ्या डोळ्यांसमोर ती मुलं येतात. तरी त्यांचं नाव काढून घाबरवून बघितलं तर लोक ऐकत नाहीत, उलट "आम्हाला पोहता येतं" सुरू होतं. त्यापेक्षा समोरचं पाणी दाखवलेलं चालतं. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मध्ये एक पट्टा गप्प दिसतोय, तिथे पाणी गढूळ आहे, फेस आत चाललाय. "तो शांत दिसतो ना दादा, तोच परत जाणारा ओढा. चांगल्या पोहणाऱ्यालाही ओढून नेतो." मग पुढे कुठपर्यंत चाललं तर चालेल तेही सांगायचं. पाय भिजवायला मिळाले तर बहुतेक कुटुंबं समाधानी असतात. नुसतं नको म्हणून समुद्रावर आलेल्या माणसाला अडवता येत नाही.

विसर्जनाचा हिशेब निराळा. तिथे आम्ही पोरांशी बोलतच नाही. मंडळाचा बिल्ला लावलेला कार्यकर्ता शोधायचा आणि सगळं त्याच्यामार्फत. ढोल-ताशाच्या आवाजात शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवून घेतो. दोन मंडळांत आधी कोण यावरून ताणलं की "बाप्पाला आधी जाऊ द्या, मग बोलू" या एका वाक्याने बऱ्याचदा निभावतं. पाण्यात मूर्ती डोक्यावर असताना कोणालाच भांडण वाढवायचं नसतं.

आणि जोडपी. लोक येऊन आम्हाला सांगतात, "ते बघा तिकडे काय चाललंय, हाकला त्यांना." शांत बसलेलं जोडपं हा उपद्रव नाही. खडकावर असतील आणि पाणी चढत असेल तर त्यांना भरतीची वेळ सांगायची. लग्न झालंय का, आडनाव काय, हे विचारायचं नाही. त्यांच्याभोवती कोणी जमून शिव्या द्यायला लागलं, तर उपद्रव तो, आणि मग इतर भांडणांत करतो तेच तिथेही करायचं. यावर आमच्या गटात मतभेद झाले होते. मी यात माघार घेतली नाही आणि घेणारही नाही.

दिवस संपला की वही. वेळ, जागा, काय पाहिलं, कोणाला कळवलं, ते कधी आले. "दारू प्यायला होता" असं लिहायचं नाही. तोंडाला वास होता, चालताना झोकांड्या खात होता, असं लिहायचं. मे महिन्यातल्या त्या प्रकरणात बाईने तक्रार द्यायचं ठरवलं आणि मला जबाबासाठी बोलावलं. ठाणे अंमलदारांनी पहिलाच प्रश्न विचारला, "व्हिडिओ काढताना तुम्ही स्वतः पाहिलं?" मी म्हटलं, नाही. मी पाहिलं ते कॉलर धरल्यापासून पुढचं. वही समोर असल्यामुळे तेवढंच, आणि तेवढं सगळं, सांगता आलं. जबाब संपल्यावर ती बाहेर बाकावर भेटली, या वेळी नवरा सोबत होता. त्याने माझ्याकडून टॉवरची जागा विचारून घेतली. पुन्हा आलो तर तुमच्या समोरच बसू म्हणाला.

या मोसमापासून आम्ही प्रशिक्षणातले निम्मे तास वाळूवर ठेवतोय, दारुड्याचं आणि चिडलेल्या दिराचं सोंग घेणाऱ्यांसह. रविवारी संध्याकाळी चार ते आठ किनाऱ्यावर एक महिला आणि एक पुरुष पोलीस कायम असावेत, आणि भरतीची वेळ दर तासाला मराठी-हिंदीतून भोंग्यावर सांगितली जावी, अशा दोन मागण्यांचं पत्रही तयार आहे. त्यावर जुहूला नेहमी येणाऱ्यांच्या सह्या हव्यात. टॉवरपाशी या, सही करा. फक्त बोलताना आमच्यातली जी पाण्याकडे तोंड करून उभी असेल तिला हाक मारू नका, दुसरीशी बोला.